मेंढ्यांनी केलेली वृक्षलागवड

आयुष्यभर किती झाडं लावलीत, असं कुणी विचारलं की मी घाईघाईनं त्या माणसाच्या तब्येतीची चौकशी सुरू करतो. कारण पुढचा प्रश्न ठरलेला असतो : त्यातली जगली किती?

माझी सगळी नोकरी जालना जिल्ह्यात झाडं लावण्यात गेली. सरकारी भाषेत मी वनपाल होतो, गावच्या भाषेत 'रोपवाले साहेब', आणि आमच्या सौभाग्यवतींच्या भाषेत 'जाईल तिथं खड्डा खणणारा माणूस'. यातलं तिसरं वर्णन सगळ्यात अचूक. झाडांचं काय झालं ते विचारू नका, पण खड्डे मात्र माझे अजूनही जागच्या जागी आहेत.

या अंकाच्या संपादकांनी फोनवर 'जंगलातले थरार' मागितले. मी म्हटलं, साहेब, आमच्याकडे जंगल नाही, माळ आहे; आणि नोकरीत मला सगळ्यात जास्त घाबरवणारं जनावर म्हणाल तर तो एक मेंढा होता. त्याचं नाव फौजदार. ते म्हणाले, मग मेंढ्यावर लिहा. तेव्हा हे त्या मेंढ्यावर, त्याच्या मालकिणीवर, आणि एका टेकडीवर उभ्या राहिलेल्या वनावर. ते वन माझं आहे असं लोक म्हणतात, आणि मला दरवेळी हात जोडून खुलासा करावा लागतो.

आधी आमचा धंदा सांगतो, म्हणजे माझ्या मूर्खपणाची खोली नीट कळेल. भर उन्हाळ्यात टेकडीवर खड्डे घ्यायचे. उताराला आडवे चर खणायचे. चर म्हणजे लांबलचक खाचा, उतारावरून पळत सुटलेलं पाणी त्यांच्यात पडावं, थांबावं आणि मुरावं म्हणून. पाऊस पडला की पिशवीतलं रोप काढून खड्ड्यात ठेवायचं, माती दाबायची, आणि मग मान वर करून आभाळाकडं बघायचं. आमच्या धंद्याचा निम्मा वेळ या मान वर करण्यात जातो. मला निवृत्तीच्या वेळी मानेचा पट्टा लागला, तो काही उगाच नाही.

मी नोकरीला लागलो तेव्हा मान फार वेळ वर ठेवावी लागत नसे. पाऊस थोडाच, पण रीतीनं पडायचा. झड लागायची. दिवसचे दिवस बारीक भुरभुर, सदरा वाळायचा नाही, चुलीतलं लाकूड धुमसायचं, आणि लावलेलं रोप त्या ओलीत निवांत मूळ धरायचं. आता पाऊस येतो तो लग्नाच्या पंगतीत उशिरा आलेल्या वाढप्यासारखा. कितीतरी वेळ पान कोरडं. माणूस मीठ चाटत बसलेला. आणि मग हा गडी धावत येतो, सगळी बुंदी एकाच पानावर उपडी करतो, आणि पुन्हा नाहीसा होतो. मधल्या कोरड्या काळाला आमच्याकडे खंड म्हणतात. माझी बहुतेक रोपं खंडात गेली. बाकीची बुंदीखाली गेली.

तर नोकरीची शेवटची काही वर्षं उरली असताना माझ्या वाट्याला बोडखी आली. बोडखी ही भोकरदनच्या पुढच्या एका गावाची गायरान टेकडी. गावाचं नाव सांगत नाही, कारण तिथं माझं अजून येणं-जाणं आहे आणि चहा फुकट मिळतो. टेकडी नावाला शोभेल अशीच होती, वर एकही झाड नव्हतं. मुरूम, दगड आणि पावसाळ्यात उगवणारं गवत : मारवेल, पवना आणि पायजम्याला चिकटणारं कुसळ. ते बघून मला उगाच स्फुरण चढलं. जाता जाता एक तरी टेकडी हिरवी करून जावी, आणि नातवाला बोट दाखवावं, एवढीच इच्छा होती.

ग्रामपंचायतीपुढं बैठक भरली. मी भाषण केलं. टेकडीवर कडुनिंब, करंज, सीताफळ, शिसू लावणार. मात्र तीन पावसाळे चराई बंद. सगळ्यांनी माना डोलावल्या. ज्यांच्याकडे जनावरं नव्हती त्यांनी जास्त जोरात डोलावल्या. तेवढ्यात मागून एक बाई उठली. डोक्यावर पदर, खांद्यावर घोंगडी, हातात काठी. ही कौसाबाई. गावातली शेवटची मोठी मेंढरं तिची. नवरा वारलेला, मुलगा जालन्याला सळईच्या कारखान्यात, आणि तो दर महिन्याला निरोप धाडायचा की मेंढरं विकून टाक आणि माझ्याकडं येऊन रहा.

"मंग तीन वर्सं माझ्या मेंढरांनी काय तुमचा बोर्ड खायाचा का?" ती म्हणाली.

"बाई, तीनच वर्षं. नंतर बघा, झाडांमधून गवत कंबरेएवढं येईल. तुम्हीच कापून न्या."

"कुणाच्या कंबरेयेवढं? तुमच्या का माझ्या?"

ती माझ्या छातीपर्यंतही येत नव्हती. लोक हसले. मी उदार होऊन म्हणालो, "माझ्या."

"समद्यांनी ऐकलं का? साहेबाच्या कंबरेयेवढं."

झालं. मी शब्द देऊन बसलो. तीन वर्षं ती खालच्या नाल्यात आणि लोकांच्या बांधांवर कशीबशी भागवणार, आणि चौथ्या वर्षापासून टेकडीचं गवत पहिल्यांदा तिचं. गवत मिळालं नाही तर मुलाचं म्हणणं खरं होणार आणि मेंढरं विकावी लागणार, हे तिनं मला तिथंच सांगून टाकलं. रडून वगैरे नाही. दुकानदाराला भाव सांगावा तसं.

आता माझी करामत ऐका. आमच्याकडे उन्हाळ्यात शेतात मेंढरं बसवायची रीत आहे. पीक निघालं की शेतकरी धनगराला बोलावतो, कळप रात्री शेतात मुक्कामाला राहतो, आणि सकाळी उठून जातो तेव्हा लेंडीखत पसरून जातो. त्याबद्दल धान्य देतात. मला वाटलं, शेतात चालतं तर टेकडीवर का नको? बोडखीचा मुरूम इतका निकस की त्यात खड्डा घेतला तर खड्ड्यालाच लाज वाटावी. चराई बंद होण्याआधीचा उन्हाळा होता. मी कौसाबाईला म्हणालो, "मेंढरं टेकडीवर बसवा. रोज जागा बदला. खत माझं, पुढं गवत तुमचं."

ती खूश. "आमच्या मेंढराच्या लेंडीवर दगड बी पेरला तर उगवतोय," ती म्हणाली. हे तिचं वाक्य मी पुढं आयुष्यभर विसरलो नाही.

तो उन्हाळा कडक. चारा कुठंच नव्हता. खालच्या नाल्याला मात्र येड्या बाभळीची गर्दी. हिला वेडी बाभूळ म्हणतात, विलायती म्हणतात. बाहेरून आणलेलं झाड, पाणी नसलं तरी हसतमुख, काटे असे की टायरातून आरपार. पाला जनावर तोंडात धरत नाही. पण शेंगा पिवळ्या, गोड, आणि उन्हाळ्यात खाली सडा पडतो. कौसाबाईची मेंढरं दिवसभर नाल्यात शेंगा खायची, आणि संध्याकाळी टेकडी चढून माझ्या चरांमध्ये येऊन बसायची. फौजदार सगळ्यांच्या पुढं. रोज नवी जागा, माझ्याच आज्ञेनुसार, एकही कोपरा न सोडता.

मी सकाळी जाऊन लेंड्या तळहातावर घ्यायचो आणि आमच्या रखवालदाराला, लिंबाजीला, म्हणायचो, "लिंबाजी, सोनं आहे हे."

लिंबाजी म्हणायचा, "सोनं हाय तर खिशात ठिवा ना साहेब, हातात कामून धरून राह्यले?"

बियाण्यांच्या कंपन्यांसाठी जालन्याचं नाव सगळीकडं आहे. अशा जिल्ह्यात नोकरी काढलेल्या माणसाच्या एवढंही डोक्यात येऊ नये की शेंगेत बी असतं. मेंढीच्या पोटातून गेलं की त्याचं कवच मऊ होतं, आणि ते खतासकट, तयार अंथरुणात, ओल धरणाऱ्या चराच्या कडेला येऊन पडतं. अशी पेरणी आमच्या खात्याला कधी जमली नाही.

पावसाळा आला. म्हणजे पंचांगात आला. एक सर पडली, मी हुरळून सगळी रोपं लावून घेतली, आणि पाऊस गायब. मी मान वर करून उभा. टँकरनं पाणी घातलं. रोपं कशीबशी तग धरून होती, तोच एका दुपारी भोकरदनकडून काळंकुट्ट आभाळ आलं आणि बुंदीवाल्यानं पातेलं उपडं केलं. टेकडीवरून पाण्याबरोबर दगड आले. काही चर फुटले. मी पायथ्याच्या शाळेत अडकून खिडकीतून बघत होतो, आणि माझे कडुनिंब एकामागून एक, शाळा सुटल्यासारखे, ओळीनं गावाकडं निघाले होते.

दुसऱ्या दिवशी कौसाबाई डोक्यावर टोपलं घेऊन टेकडीवर हजर. टोपल्यात चिखलानं माखलेली रोपं.

"साहेब, तुमची लेकरं रातच्याला माझ्या वाड्यात आल्ती. मेंढरांत बसली होती गुमान. घ्या मोजून."

"सगळी आहेत का?"

"म्या काय रोपं चोरून इकते का जालन्याला?" ती फणकारली. मी माफी मागितली. ही माफी लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

ती रोपं पुन्हा लावली. आमच्यात याला नांग्या भरणं म्हणतात : मेलेल्या रोपाच्या जागी दुसरं लावायचं. मग खंड पडला. मग नांग्यांच्या नांग्या भरल्या. पावसाळा संपेस्तोवर मी निव्वळ नांग्याच भरत होतो.

आणि तेवढ्यात चमत्कार झाला. चरांच्या कडेनं, खड्ड्यांच्या मधे, जिथं मी काहीच लावलं नव्हतं तिथं बारीक बारीक पानांची पोपटी रोपं वर आली. शेकड्यांनी. लिंबाजी धावत आला. "साहेब, काय तरी उगवून राह्यलं."

मी चष्मा पुसला. गुडघ्यावर बसलो. संयुक्त पान, नाजूक पर्णिका, इवलासा काटा. माझ्यातला तज्ज्ञ जागा झाला. मी उठलो आणि गंभीर आवाजात जाहीर केलं, "शमी."

आता शमी आणि येडी बाभूळ दोन्ही एकाच कुळातली, लहानपणी चेहरा थोडा मिळताजुळता, हे खरं. पण ज्यानं आयुष्यभर रोपंच बघितली त्यानं असं म्हणावं म्हणजे सोनारानं पितळेला सोनं म्हणण्यासारखं. मी एवढ्यावर थांबलो असतो तरी निभावलं असतं. पण दसरा तोंडावर होता. मी गावात सांगितलं की टेकडीवर आपोआप शमी उगवली आहे, शुभ लक्षण आहे. गाव लोटलं. बायका हळद-कुंकू घेऊन आल्या. दसऱ्याला सीमोल्लंघन बोडखीवर झालं, रोपांना नारळ फोडले. कौसाबाईनं तर लुगड्याचा पदर पसरून गवत मागितलं. एका म्हाताऱ्या गृहस्थांनी मला शमीचं महत्त्व समजावून सांगितलं, आणि मी मान डोलावून ऐकलं. त्या दिवशी बोडखीवर आख्ख्या गावानं येड्या बाभळीची यथासांग पूजा केली, आणि मुख्य पुरोहित मी होतो.

पुढच्या पावसाळ्यात काटे सुईएवढे झाले, त्याच्या पुढं दाभणाएवढे. कौसाबाई एका सकाळी मला एस.टी. थांब्यावर गाठून म्हणाली, "माझं कुंकू परत द्या."

"कसलं कुंकू?"

"त्या येडीला लावलं ते. वर्सभर देव म्हून हात जोडून राह्यले म्या. फौजदार तोंड लावीना तवाच माझ्या मनात आल्तं, पर म्हटलं साहेब शिकलेला माणूस हाय."

"तुम्हीच म्हणाला होतात ना, तुमच्या लेंडीवर दगडपण उगवतो?"

"मंग दगड पेरायचा व्हता," ती म्हणाली.

तिसरा पावसाळा संपला. ठरल्याप्रमाणे कौसाबाई विळा घेऊन टेकडीवर आली. वरून बोडखी हिरवीगार. ती आत शिरली, आणि घटकाभरानं बाहेर आली. पदराला काटे, हाताला ओरखडे, आणि मुठीत चार काड्या. त्या काड्या तिनं माझ्या कमरेला लावून बघितल्या. माझी थट्टा करण्यासारखं एवढं साहित्य समोर असताना ती गप्प राहिली, तेव्हा मला खरी भीती वाटली.

"जुन्या जालन्यातला व्यापारी यनार हाय," जाताना तिनं सांगितलं. "मेंढरं बघाया. पोरगं लई मागं लागलंय."

मला झोप लागेना. येडी बाभूळ आली ती माझ्या अकलेनं, कबूल. पण गवत कुठं गेलं? गवताचं बी तर टेकडीवर होतंच, आणि तीन वर्षं कुणी चारलं नव्हतं. शेवटी एका मोठ्या अवकाळी सरीनंतर आठ-दहा दिवसांनी मी आणि लिंबाजीनं, मला जी एकच गोष्ट येते ती केली. खड्डा खणला.

वरचा थर पापडासारखा कडक. एका वितीच्या आत गवताची सगळी मुळं संपलेली, आणि कुरकुरीत वाळलेली. आणखी खाली गेलो, तर माती ओली. तिथं येड्या बाभळीचं मूळ. ते कुठं संपतं बघायला आम्ही खणत गेलो. लिंबाजी गळ्यापर्यंत आत गेला, तरी मूळ आपलं खालीच चाललेलं. "साहेब, ह्ये पाताळात पाणी पिऊन राह्यलं," तो आतून म्हणाला. नोकरीतला हा एकच खड्डा, ज्यातून माझ्या हाती काही लागलं.

भुरभुर पाऊस असतो तेव्हा पाणी वरच्या विताभर मातीतच घोटाळतं. ती गवताची पंगत. थोडं थोडं, पण रोज वाढलं जातं, आणि गवत जोमात येतं. एवढं की झुडपाच्या कोंभाला डोकं वर काढू देत नाही. पण सगळा पाऊस एकदाच कोसळला, की जे मुरतं ते खोल उतरतं. जुन्या काळी धान्य जमिनीखालच्या पेवात ठेवत, तसं. वर खंडाचं ऊन पडतं, पंगत उपाशी उठते, आणि पेवाचं तोंड कुठं आहे ते ठाऊक फक्त लांब मुळांच्या झुडपाला. त्यात आम्ही चर खणून पाण्याला खाली जायचा जिना बांधून दिला होता. बी मेंढरांचं, पाऊस आभाळाचा, जिना माझा.

सगळीकडं असंच होईल असं मी छातीठोकपणे सांगणार नाही. शमी सांगून बघितली आहे एकदा. शेजारची टेकडी बघा : तिथं चर नाहीत, माती टणक, तोच धो धो पाऊस वरच्या वर वाहून जातो, आणि तिथं ना गवत ना काटा. खाली काळ्या रानात तिसरंच काहीतरी चालतं. आणि लागोपाठ कोरडी वर्षं आली तर ही येडीसुद्धा मान टाकेल कदाचित. पण पावसाचं एकूण मापच बघून चालत नाही, तो पानावर वाढतो कसा तेही बघावं लागतं, एवढं त्या खड्ड्यात मला कळलं. निवृत्तीला थोडे महिने उरले असताना.

आणि नेमकी तेव्हाच वरून शाबासकी आली.

आमचे नवे जिल्ह्याचे साहेब तरुण, उत्साही आणि मनानं चांगले. त्यांनी आभाळातून काढलेली चित्रं मोबाईलवर बघितली होती. आधीची बोडखी पिवळी, आताची हिरवीगार. त्यांचा फोन आला, "अहो, एवढ्या लहरी पावसात हे जमवलंत कसं? लपवून काय ठेवलंत? मी येतोय. सत्कार टेकडीच्या पायथ्याशीच करू."

मी सांगायला तोंड उघडलं होतं. पण 'सत्कार' हा शब्द असा आहे की तो कानात शिरला की तोंड आपोआप मिटतं. घरी सांगितलं तर सौभाग्यवतींनी नवं पातळ काढलं. आयुष्यभर ज्याची रोपं मेली त्याच्या दारी शाल-श्रीफळ चालत आलं होतं. म्हटलं, हिरवं तर हिरवं. रंग तर खरा आहे.

मंडप पडला. गाव जमलं. साहेबांनी मोबाईल उंच धरून दोन्ही चित्रं दाखवली, आणि मागच्या रांगेतल्या लोकांनीही दिसल्यासारखं केलं. माझ्या खांद्यावर शाल आली, गळ्यात झेंडूचा जाडजूड हार पडला. आणि साहेब म्हणाले, "हे वन असंच राहिलं पाहिजे. मी ही टेकडी कायमची राखीव करण्याचा प्रस्ताव देणार आहे. चराई बंद. कायमची."

टाळ्या झाल्या. मंडपाच्या मागं कौसाबाई मेंढरं घेऊन उभी होती, कारण व्यापारी दुपारीच यायचा होता. 'कायमची' म्हटल्यावर तिनं काठी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली, एवढंच.

"आता आपण दोन शब्द बोला," साहेब मला म्हणाले.

मी उभा राहिलो. घसा कोरडा. मातीचा वरचा वीतभर थर कसा असतो ते मला तेव्हा आतून कळलं. मी म्हणालो, "बंधू आणि भगिनींनो," आणि तेवढ्यात फौजदारला माझ्या गळ्यातला झेंडू दिसला.

तो गर्दीतून वाट काढत आला नाही. गर्दीनंच वाट दिली. मी मागं सरकलो, खुर्ची आडवी झाली. त्यानं पुढचे पाय टेबलावर ठेवले आणि हाराचं एक टोक तोंडात धरलं. दुसरं टोक माझ्या मानेत. तो ओढतोय, मी ओढतोय. सगळं गाव हसून लोळतंय, लिंबाजी मध्ये पडायच्या ऐवजी मोबाईलवर शूटिंग घेतोय. माझा चष्मा गेला. श्वास कोंडला. हार सुटेना तेव्हा मी दमून डोकं खाली घातलं, तो मानेतून निघू दिला, आणि तोंडून निघून गेलं, "घे बाबा घे, तुझाच आहे तो."

माइक चालू होता. वाक्य टेकडीपर्यंत गेलं. आणि ते ऐकून मला वाटलं, अरे, नोकरीत इतकी भाषणं केली, त्यात खरं वाक्य हे एकच. मग पुढचं सोपं झालं. मी खांद्यावरची शाल काढली, फौजदारच्या पाठीवर घातली, आणि म्हणालो, "साहेब, सत्कारमूर्ती हे आहेत. ही लागवड यांची आहे. मी लावलेलं एकही रोप या टेकडीवर जिवंत नाही."

साहेब हसले. त्यांना विनोद वाटला. मग माझं तोंड बघून हसायचे थांबले. मी शेंगांपासून शमीपर्यंत सगळं सांगितलं. शमीच्या वेळी गावातल्या बायकांनी माझ्याकडं ज्या नजरेनं बघितलं, तिच्या आठवणीनं आत्ताही अंगावर काटा येतो.

"पण हिरवं तर आहे ना," साहेब म्हणाले. "हिरवं वाईट कसं?"

"आत चला," मी म्हटलं.

ते तरातरा आत शिरले आणि दहा-बारा पावलांत 'आई गं' म्हणून एका दगडावर बसले. काटा बुटाच्या तळव्यातून आरपार. कौसाबाई गेली, गळ्यातल्या काळ्या दोऱ्याला अडकवलेला चिमटा काढला, आणि साहेबांचा पाय सरळ मांडीवर घेतला. "हलू नगा, लेकरा," ती म्हणाली. काटा निघेपर्यंत साहेबांना खाली बघत बसण्यावाचून दुसरं काम नव्हतं. खाली उघडी जमीन होती. गवताची काडी नव्हती.

"इथं गवत होतं?" त्यांनी विचारलं.

"साहेबाच्या कंबरेयेवढं व्हनार व्हतं," कौसाबाई म्हणाली. "ह्या साहेबाच्या."

मग मी पंगत आणि पेव समजावलं. साहेबांनी दोन-तीन प्रश्न विचारले, चांगले विचारले. उठताना लंगडत म्हणाले, "प्रस्ताव बदलावा लागेल. हे काढायचं कसं?"

व्यापारी आला तेव्हा मंडप उतरत होता. त्यानं मेंढरांवरून नजर फिरवली आणि शाल पांघरलेल्या फौजदारकडं बोट केलं. "ह्याचं काय घेता?"

"तो आज सत्काराचा हाय," कौसाबाई म्हणाली. "इकायचा न्हाई. बाकीचं बी न्हाई. चहा पिऊन जा."

मार्ग निघाला तो असा. बोडखीचे पट्टे पाडायचे, पट्ट्यापट्ट्यानं येडी मुळासकट काढायची, लाकूड गावानं सरपणाला न्यायचं, मोकळ्या जागेत मारवेल-पवन्याचं बी टाकायचं, आणि गवत उभं राहिलं की पहिला विळा कौसाबाईचा. शेंगांच्या दिवसांत मेंढरं टेकडीवर बसवायची नाहीत, ही अट मी स्वतः घातली. 'मुळासकट' हा शब्द लिहायला सोपा आहे. वरून तोडली तर ही बया एका खोडाची चार खोडं करून परत येते.

तेव्हा मी निवृत्तीनंतर काय करतो याचं उत्तर : आयुष्यभर झाडं लावली, आता उपटतो. आठवड्यातून दोनदा एस.टी.नं जातो, कुदळ लिंबाजीच्या घरी ठेवलेली असते. उपटण्यात मला जे यश येतंय ते लावण्यात कधी आलं नाही. मोकळ्या पट्ट्यांत गवत धरतंय. झड लागली तर बरं धरतं, बुंदी कोसळली की रुसतं, आणि नव्या येड्या कडेनं डोकावतातच. शर्यत आहे, कोण जिंकेल सांगता येत नाही. मेंढरं थोडी कमी झालीत, पण आहेत. कौसाबाईचा मुलगा आता निरोप धाडत नाही, सुट्टीत येतो आणि माझ्याबरोबर उपटतो.

परवा उपटून दमलो, तेव्हा कौसाबाईनं पहिल्यांदाच घरी चहाला नेलं. तिच्या मेंढवाड्यात, न्हाणीचं पाणी जिथं जातं तिथं, एक कडुनिंब उभा होता. सरळ, तजेलदार, घराच्या वर गेलेला. फौजदार त्याला पाठ घासत होता. मी बघत राहिलो. बुंध्याशी मातीत काळ्या पिशवीचा एक तुकडा अजून चिकटलेला होता. आमच्या रोपवाटिकेचीच पिशवी.

"बाई," मी म्हणालो, "तुम्ही टोपल्यात सगळी रोपं परत केली होती ना?"

ती चहा ओतत होती. हात थांबला नाही. "चिकलात एखांदं ऱ्हायलं आसंल."

"मी त्या दिवशी तुमची माफी मागितली होती."

"मंग ती घ्या परत," ती म्हणाली. "माझं कुंकू तुमच्याकडं हाय, तुमची माफी माझ्याकडं. बराबर झालं."

त्या सावलीत बसून मी चहा प्यायलो. बोडखीवर लावलेल्या रोपांपैकी जगलेलं एकच, तेही पावसानं पळवलेलं आणि हिनं दाबून ठेवलेलं. नातवाला बोट दाखवायला एक झाड मिळालं, म्हणून मी अंमळ लाडात येऊन म्हणालो, "बाई, या झाडाला माझ्या नावाची पाटी लावू का?"

"लावा की," ती म्हणाली. "पर आधी त्यो खालचा पट्टा जल्दी उपटून घ्या. कंबरेयेवढं ठरलंय आपलं."

मी कप ठेवला आणि कुदळ उचलली.